आठे काय शे दखाले?

लेकीने निघायच्या आधी आमच्या गावाचं नाव मोबाईलवर शोधलं. नकाशावर दोनच खुणा आल्या, एक दूध संकलन केंद्र आणि एक जिल्हा परिषदेची शाळा. शाळेला कुणीतरी एकच तारा दिला होता, बहुधा मास्तरांवर राग काढलेला. "आई, इथे पाच दिवस करायचं काय?" या प्रश्नाचं माझ्याकडे खरं तर उत्तर नव्हतं. तरी मी ऐटीत म्हटलं, "बघशील तू."

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात लेकीबाळी माहेरी यायचा सण. पुण्यातल्या प्रत्येक खानदेशी बाईला एकाच रात्री गावाकडची बस हवी असते आणि ट्रॅव्हल्सवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं. तिकीट दुप्पट, एसी मालेगावच्या अलीकडेच बंद, आणि पहाटे साडेपाचला धुळ्याच्या बायपासवर सामानासकट उतरवून दिलं. तिथून एसटीने अमळनेर आणि पुढे काळीपिवळीत बारावी आणि तेरावी सवारी होऊन गाव. लेकीने तोंडाला ओढणी बांधली होती. ती पार घरात जाईपर्यंत सोडली नाही.

मी काही कमी हट्टी नाही. दुसऱ्याच दिवशी चुलतभावाची गाडी घेऊन तिला अमळनेर 'दाखवायला' नेलं. प्रताप हायस्कूल दाखवलं. साने गुरुजी इथे 1924 पासून सहा वर्षं शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांचं सगळं बघायचे, हे तिला फाटकाबाहेर उभं राहून सांगितलं, कारण उन्हाळ्याच्या सुट्टीमुळे फाटकाला कुलूप. 1916 साली सुरू झालेलं तत्त्वज्ञान मंदिर दाखवलं. मंगळग्रह मंदिरात मंगळवारीच जायचा मूर्खपणा केला आणि रांग बघून बाहेरूनच हात जोडले. हे सगळं तिने शाळेच्या सहलीला आल्यासारखं ऐकून घेतलं. विप्रोची सुरुवात 1945 मध्ये इथे वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली आणि त्या वेळी शेअर घेऊन ठेवलेल्या साध्यासुध्या घरांचं पुढे सोनं झालं, हे ऐकल्यावर मात्र ती थांबली.

"मग आपले शेअर कुठेयत?"

आपल्या आजोबांनी बैलजोडी घेतली होती. ती दहा वर्षं चालली.

तिसऱ्या दिवशी तापी-पांझरेच्या संगमावर कपिलेश्वर. देऊळ देखणं आहे, दगडी, नदीकडे तोंड करून शांत बसलेलं. पण एप्रिलअखेरीस सकाळी अकराला तिथे अनवाणी चालायला लावणारी आई माझ्यासारखीच असू शकते. सावलीपर्यंत आम्ही दोघी अक्षरशः उड्या मारत गेलो. येताना चुलतभावाने पाडळसरे धरणाचा विषय काढला. मी शाळेत असताना हे धरण 'आता होणार' होतं, आणि त्याचंही वाक्य अजून तेच आहे.

घरी आलो तर ओसरीवर मोठमाय पाय पसरून बसलेली. मोठमाय म्हणजे माझ्या वडिलांची थोरली भावजय. वय पंचाहत्तरच्या पुढे, आवाज अजून गल्लीच्या टोकापर्यंत जातो. कुठे कुठे गेलो ते तिला सांगितलं, तर ती लेकीकडे बघून हसली.

"आठे काय शे दखाले? धूय शे नुसती. सकायले चुल्ह्यापाशी ये."

म्हणजे इथे बघायला काय आहे, नुसती धूळ; सकाळी चुलीपाशी ये. पोरीला ही अहिराणी अर्धीच कळली, पण आखाजीच्या सकाळी ती खरंच माझ्या आधी उठून मागच्या परसात जाऊन बसली.

परसात पितरांच्या घागरी भरून झाल्या होत्या. तांबड्या मातीच्या घागरी, वर डांगर, आंबे, सांजोऱ्या. (डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. पुण्यात भाजीवाल्याकडे डांगर मागितलं तर तो भोपळा देतो.) बाजूला चुलीवर खापर पालथं घातलेलं, खाली काड्यांचा जाळ. खापर म्हणजे मोठ्या घमेल्याएवढं मातीचं भांडं, त्याच्या फुगीर पाठीवर पोळी भाजायची. तवा नाही, पोलपाट फक्त सुरुवातीला. कणीक इतकी सैल की मी ती भजीचं पीठच समजले.

मोठमायने दोन छोट्या पाऱ्या लाटल्या, मध्ये पुरण, कडा दाबल्या आणि उचलून हातावर घेतली. मग जे झालं ते मी आयुष्यात पन्नास वेळा पाहिलंय, तरी नीट सांगता येणार नाही. पोळी एका तळहातावरून दुसऱ्यावर, मग मनगटावर, मग कोपरापर्यंत. प्रत्येक फेरीत ती तिच्याच वजनाने लांबत, रुंदावत जाते. शेवटी इतकी पातळ झाली की मोठमायच्या हातावरचं गोंदण पलीकडून दिसायला लागलं. तिथून एका झटक्यात खापरावर. कुठे सुरकुती नाही. मातीवर पडल्यावर फक्त एक बारीक 'स्स' आणि पाठोपाठ भाजलेल्या पुरणाचा वास. पोळी झाली की रुमालासारखी घडी घालून टोपलीत.

आता मी. मला वाटलं होतं, रक्तात असेल. पहिली पोळी दुसऱ्याच फेरीत फाटली आणि पुरण मनगटावर आलं, गरम गरम. दुसरी कोपरापर्यंत गेली, पण मी घाबरून खापरावर टाकली ती अर्धी खापरावर आणि अर्धी जाळात. परसभर जळक्या गुळाचा वास. काकू, वहिनी, शेजारच्या दोन माहेरवाशिणी, सगळ्या हसून बेजार. त्यांतल्या एकीने माझा व्हिडिओही काढला, तो आता भावकीच्या ग्रुपवर आहे.

खरं सांगायचं तर मला राग आला. माहेरी वीस वर्षं काढली, परीक्षेत नंबर काढायचे म्हणून चुलीपाशी कुणी बसवलं नाही, आणि मीही मोठ्या तोऱ्यात बसले नाही. आता ही मंडळी मला पाहुणीसारखी हसताहेत. मोठमायने ती अर्धी पोळी चिमट्याने काढली, राख झटकली आणि स्वतःच्या ताटात ठेवली.

"फाटनी ते फाटनी. पोटमा जाईसन एकच व्हस."

मग लेकीला जवळ ओढून म्हणाली, "हात वल्ला कर." लेकीची पोळी काही फार मोठी झाली नाही, कोपर लांबच, मनगटापर्यंतच पोचली. पण फाटली नाही. ती आमरसात बुडवून तिने उभ्या उभ्या खाल्ली आणि दुसरी करायला बसली. कुरडया, भजी, कटाची आमटी असं सगळं पानात होतं, तिला त्याचं काही नव्हतं.

दुपार निंबाच्या झोक्यावर गेली. बायका आखाजीची गाणी म्हणत होत्या आणि मला प्रत्येक गाण्याची पहिलीच ओळ येत होती. पुढे नुसते ओठ हलवले. पुरुष मंडळी देवळाच्या मंडपात पत्ते कुटत बसलेली, आखाजीला पैसे लावून खेळलं तर कुणी काही म्हणत नाही. काका बाराशे हरून आले आणि जेवणावर राग काढला. रात्री सगळे धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपलो. वीज दोनदा गेली, वर असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

निघायच्या दिवशी मोठमायने जुन्या लुगड्यात गुंडाळून एक खापर दिलं. माझ्या नाही, लेकीच्या हातात. मी म्हटलं, आमच्याकडे गॅस आहे, चूल कुठे लावणार? तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

अमळनेरच्या स्टँडवर धुळ्याच्या गाडीत जागा मिळाली ती मागच्या चाकावरची. मी खापर पायाशी ठेवलं, तेवढ्यात तिकीट फाडत कंडक्टर आले.

"मडकं शे का?"

"खापर," लेक म्हणाली.

"मंग खाले नको ठेऊ. फुटी जाई व माय, मांडीवर धर."

तिने उचलून मांडीवर घेतलं. धुळ्यापर्यंत खिडकी उघडी, तोंडावर गरम वारा, आणि ओढणी तोंडाला नाही, खापराला बांधलेली.