आधी बॉलला लागला ना!

फुटबॉलची मॅच बघताना कित्येक वर्षं मीपण ओरडायचो, अरे आधी बॉलला पाय लागला ना, मग फाउल कसला! कॉमेंटेटर तेच म्हणायचे म्हणून. मग एका मित्राने, जो लोकल मॅचेसना रेफ्री असतो, मला फाउलबद्दलचा १२वा नियम वाचायलाच लावला. आधी बॉल लागला की माफ असं त्यात कुठेच नाहीये, टॅकल (म्हणजे समोरच्याचा बॉल काढून घ्यायला घातलेला पाय) निष्काळजी होता का, बेदरकार होता का, अतिरेकी जोर लावला का हे बघायचं. आणि तो 'लास्ट मॅन', म्हणजे गोलसमोरचा शेवटचा डिफेंडर, हा शब्द तर नियमात नाहीच, गोलचा स्पष्ट चान्स हिरावला का एवढाच प्रश्न. तो म्हणाला, शिव्यांची सवय होते रे, पण टीव्हीवर चुकीचा नियम सांगतात आणि रविवारी पोरांचे बाप तोच मला शिकवायला येतात, त्याचा त्रास होतो.

हे ऐकल्यापासून मला रेफ्री उर्स मायर सारखे आठवतात. युरो २००४, लिस्बनला क्वार्टर फायनल, इंग्लंड-पोर्तुगाल १-१, शेवटची मिनिटं, इंग्लंडच्या सोल कॅम्पबेलने हेडर आत घातला आणि मायरनी गोल दिला नाही कारण त्याचाच साथीदार जॉन टेरी कीपरला अडवत होता. इंग्लंड पेनल्टीवर हरलं. मग इंग्लंडच्या पेपरवाल्यांनी मायरचा ईमेल ॲड्रेस छापला, हजारो मेल आले, जिवे मारायच्या धमक्या आल्या, पोलीस संरक्षण घ्यावं लागलं. एका शिट्टीसाठी! याला टीका म्हणायचं का? मी तरी नाही म्हणणार.

चूक झाली तर बोलायलाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. ३० सप्टेंबर २०२३ ला टॉटेनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा चांगला गोल ऑफसाइड म्हणून गेला, व्हीएआरवाल्यांना (व्हिडिओ बघून निर्णय तपासणाऱ्या रेफ्रींना) वाटलं की मैदानावर गोल दिलाच आहे आणि त्यांनी चेक कम्प्लीट सांगून टाकलं, म्हणून ऑफसाइडचा चुकीचा निर्णयच कायम राहिला. नंतर व्हीएआरच्या खोलीतल्या बोलण्याची ऑडिओ बाहेर आली, मी दोनदा ऐकली, चूक कळल्यावर त्या खोलीत जी घबराट उडाली ना ती ऐकवत नाही. पण ऑडिओ आली म्हणून निदान कळलं की गडबड नक्की कुठे झाली, त्याआधी स्टुडिओत सगळे अंदाजच लावत होते आणि रेफ्री मॅचनंतर सहसा माइकसमोर येत नाहीत त्यामुळे त्यांची बाजू मांडायला कोणीच नसतं.

मित्र घरी आला की आम्ही आता टीव्हीचा आवाज बंद ठेवतो, रिप्ले यायच्या आत मी त्याला विचारतो तू काय दिलं असतंस, आणि बरेचदा तो म्हणतो, रेफ्री उभा आहे तिथून मला हे दिसलंच नसतं.