न्यूकासलच्या वॉर्डातलं इंग्रजी

नर्स म्हणून इंग्लंडला यायचं ठरवलेल्या मुली मला हमखास ओईटीच्या, म्हणजे दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीच्या इंग्रजी परीक्षेच्या, तयारीबद्दल विचारतात. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मला त्याच्या पुढचं सांगायचंय, कारण पास होऊन तुम्ही वॉर्डात उभ्या राहता तेव्हा समोरचे आजोबा परीक्षेतलं इंग्रजी बोलत नाहीत.

न्यूकासल हे इंग्लंडच्या ईशान्येकडचं शहर, तिथल्या बोलीला जॉर्डी म्हणतात. ‘नाउट’ म्हणजे काही नाही, ‘गॅन’ म्हणजे जाणं, ‘बेर्न’ म्हणजे लेकरू. यातला ‘नेटी’ मात्र पहिल्याच दिवशी पाठ करा. नेटी म्हणजे संडास. खुब्याचं ऑपरेशन झालेला पेशंट ‘नेटी’ म्हणतोय आणि नर्सला ते कळलंच नाही, तर तो थोडा वेळ वाट बघतो आणि एकटाच उठतो. मग पडतो. म्हणून इथली बोली समजणं हे मी पेशंटच्या सेवेतलंच काम मानते.

हाक मारण्याची रीतही वेगळी. मिरजेला आपण न विचारता आजी, मावशी, मामा म्हणतो आणि पेशंटला बरं वाटतं. इथे आधी विचारायचं, ‘तुम्हाला काय म्हणू?’ उत्तर खाटेमागच्या बोर्डावर लिहितात. ऐंशीच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारताना सुरुवातीला माझी जीभ रेटायची नाही. पण त्यांनीच सांगितलेलं नाव आहे, त्यात मान आहेच. कुणाला ‘मिसेस’ लावलेलंच आवडतं, मग तसंच म्हणायचं. स्वतःचं नावही आपणहून सांगायचं. केट ग्रेंजर या डॉक्टर स्वतः कॅन्सरच्या पेशंट होत्या. उपचार करणारे आपलं नावसुद्धा सांगत नाहीत हे पाहून त्यांनी 2013 मध्ये ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम सुरू केली.

डॉक्टरांना बहुतेक जण पहिल्या नावाने बोलावतात. सर्जनच्या नावाआधी मात्र ‘डॉक्टर’ नाही, ‘मिस्टर’ लावतात, बाई असतील तर ‘मिस’ किंवा ‘मिसेस’. आणि सिस्टर म्हणजे वॉर्डची इन्चार्ज, सरसकट प्रत्येक नर्स नव्हे.

पेशंट तुम्हाला ‘पेट’ म्हणतील, ‘हिनी’ म्हणतील. बिचकू नका, आगाऊ सलगी समजू नका. आपल्याकडची म्हातारी माणसं ‘बाळा’ म्हणतात तितकंच ते मायेचं आहे.

अडलात तर हेल्थकेअर असिस्टंटना, म्हणजे वॉर्डात नर्सच्या मदतीला असणाऱ्यांना, गाठा. त्यातल्या बऱ्याच जणी इथल्याच असतात आणि विचारलं की मनापासून समजावून सांगतात.