तुम्ही विचारलंत म्हणून: घरी मुलांशी इंग्रजीत बोलू का?

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, एसटीत, भाजी घेताना, कुठेही हा प्रश्न मला गाठतोच: "मॅडम, पुढे त्रास नको म्हणून आम्ही आतापासूनच घरी इंग्रजीत बोलायला लागू का?" विचारणारीच्या कडेवर बहुधा दीड-दोन वर्षांचं मूल असतं आणि त्याला नुकतंच "से हॅलो टू मॅडम" सांगून झालेलं असतं.

ज्या भाषेत तुम्हाला मनसोक्त भांडता येतं, थट्टा करता येते, त्या भाषेत मुलाशी बोला, एवढंच माझं म्हणणं. ती इंग्रजी असेल तर खुशाल इंग्रजीत बोला. बहुतेकांची ती नसते.

आपण मुलांशी जे इंग्रजी बोलतो ते एकदा कान देऊन ऐका. "कम फास्ट. शूज घाल. डोन्ट टच. हँड वॉश केलेस का? फिनिश कर पटकन. गुड गर्ल!" नुसते हुकूम आणि शेवटी शाबासकी. त्याच घरात आजी मात्र नातीला सांगत असते, "तुझा बाबा एवढासा होता ना, तेव्हा विहिरीत पडता पडता वाचला. का माहितेय? आदल्या दिवशी आजोबांनी काठावर बाभळीच्या फांद्या टाकल्या होत्या. नसत्या टाकल्या तर काय झालं असतं?" यात भूतकाळ आला, कारण आलं, घडलं नाही पण घडू शकलं असतं तेही आलं. मूल मध्येच शंका काढतं, आजी थोडी थाप मारते, मूल ती पकडतं. भाषेचं खरं शिक्षण हे, पण आपण ते धरत नाही. उलट "आई, तुम्ही मराठीत बोलू नका, तिची सवय मोडते" असं सांगणारी घरं मी पाहिली आहेत. आजी मग टीव्ही लावून बसते.

दोन भाषांनी मूल गोंधळतं, ही भीती मात्र काढून टाका. पूर्वी जाणकारसुद्धा असंच समजत. १९६२ मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी मॉन्ट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत एकभाषी मुलांच्या मागे तर नव्हतीच, पुढे होती. पण ही मुलं दोन्ही भाषांत सारखीच तयार होती, म्हणून तर निवडलेली, हे सांगायचं लोक विसरतात. "मला वॉटर दे" म्हणणाऱ्या तीन वर्षांच्या पोराचं काही बिघडलेलं नसतं. घरात जे ऐकतो ते तो वापरतो.

कॅनडाचंच दुसरं उदाहरण मला हटकून ऐकवलं जातं. १९६५ मध्ये मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बालवर्गापासून फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. मुलांना फ्रेंच आलं आणि इंग्रजीही बुडालं नाही. मग आमच्या मुलांना इंग्रजी माध्यमात का नाही जमणार? तिथे बाईंना फ्रेंच उत्तम येत होतं. मुलं सुरुवातीला आपसांत किंवा बाईंशी इंग्रजीत बोलली तरी चालत होतं. पुढच्या इयत्तांत इंग्रजी वाचन-लेखन शाळेतच शिकवत. आणि घरीदारी इंग्रजीला मान होताच. आपल्या गल्लीबोळातल्या कित्येक शाळांत बाईंचंच इंग्रजी जेमतेम आणि मराठी बोललं की दंड. पाटीवर "इंग्लिश मिडियम" लिहिलं म्हणून दोन्ही गोष्टी एक होत नाहीत.

जिम कमिन्स या अभ्यासकांनी, तेही कॅनडातलेच, स्थलांतरित मुलांविषयी एक फरक दाखवून दिला. खेळताना, डबा खाताना लागणारी भाषा साधारण दोन वर्षांत येते. पुस्तकातली, मुद्दा मांडायची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. तीही आजूबाजूला सगळे इंग्रजी बोलत असताना! बालवाडीत पोरगी "ट्विंकल ट्विंकल" म्हणते तेव्हा घर खूश असतं. पाचवी-सहावीत तीच पोरगी बाष्पीभवनावरचा परिच्छेद फाडफाड वाचते आणि "काय कळलं?" विचारलं की त्यातलंच एक वाक्य परत वाचून दाखवते. कपडे वाळताना पाणी जातं कुठे, यावर घरी कधी बोलणं झालेलं असतं, तर तिला इंग्रजीत नुसते शब्द शिकायचे उरले असते.

आता कुणी मला "मातृभाषेचा अभिमान" वगैरे चिकटवू नका. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा बरीच ओरड झाली होती. मला तो निर्णय योग्य वाटतो. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ च्या त्यांच्या संग्रहात इंग्रजी शिका म्हणून कविता लिहिल्या, त्या हौसेनं नव्हे. ज्यांना शिक्षणच नाकारलं होतं, त्यांना त्या भाषेत सुटकेची वाट दिसत होती. आजही ऊसतोड कामगाराला लेकीसाठी इंग्रजी हवं असतं, आणि त्याला मराठीचे गोडवे ऐकवणाऱ्यांची स्वतःची नातवंडं कुठल्या शाळेत जातात ते विचारून पाहावं. शिवाय नंदुरबारच्या पावरा किंवा गडचिरोलीच्या माडिया आदिवासी मुलाला आमची पुस्तकी मराठीच आधी परकी असते. तिथे "मातृभाषेतून शिक्षण" म्हणून मराठीकडे बोट दाखवणं ही चलाखी आहे.

तर करायचं काय? इंग्रजीला रोजचा वेळ आणि बरोबर वाचणारं माणूस लागतं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुलांच्या गोष्टी फुकट आहेत, कित्येक मराठीतही आणि इंग्रजीतही. आधी मराठीत वाचा, त्यावर गप्पा मारा, मग तीच गोष्ट इंग्रजीत मोठ्यानं वाचा. तुमचा उच्चार चुकला तरी चालेल, गोष्टीसोबत ध्वनिमुद्रण मिळालं तर तेही लावा. थोड्या मोठ्या मुलांनी क्रिकेटचं समालोचन इंग्रजीतून ऐकावं. पुढे काय बोलणार याचा अंदाज असतो, म्हणून ते समजतं. लिहिणं विसरू नका. आमच्या आजोबांची पिढी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकली. अर्ज बिनचूक लिहायचे, पण साहेबापुढे तोंडातून शब्द फुटायचा नाही. आता उलटं झालंय. पोरं धडाधड बोलतात, आणि रजेचा चार ओळींचा अर्ज लिहायला सांगितला की माझ्याच तोंडाकडे बघतात.

हल्ली हाच प्रश्न मला उलटाही येतो. न्यू जर्सीतली भाची विचारते, "मावशी, त्याला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देतो. सोडून देऊ का?" सोडू नकोस, म्हटलं. इंग्रजी शिकवायला शाळा आहे, शेजार आहे, अख्खा देश आहे. मराठीला तू आणि रविवारची मराठी शाळा. त्यानं इंग्रजीत उत्तर दिलं तरी तू मराठीतच बोलत राहा, "मराठीत सांग बघू" म्हणून दरवेळी अडवू नकोस. सुट्टीत महिनाभर इकडे आण आणि चुलत भावंडांबरोबर गावी पाठव. त्यांना त्याचं इंग्रजी कळणार नाही, त्याला गोट्या तर खेळायच्याच असणार. ती म्हणाली, मे महिन्याची तिकिटं फार महाग असतात. ते काही खोटं नाही.