तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रीन कार्ड नसताना दारूच्या व्यसनावरच्या संशोधनाला अमेरिकी सरकारचा पैसा

अमेरिकेत पीएचडी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन प्रशिक्षण) करणारी आपली मुलंमुली एक प्रश्न नेहमी विचारतात: दारूच्या व्यसनावर संशोधन करायचंय, ग्रीन कार्ड नाही, तर प्रशिक्षणासाठी सरकारी पैसा मिळेल का? मिळू शकतो. पण स्वतःच्या नावावर मिळवायचा असेल, तर वाट जवळजवळ एकच आहे आणि तिला मुदत आहे.

हा पैसा मुख्यतः एनआयएएए देते. दारूच्या व्यसनावर काम करणारी ही एनआयएचमधली (अमेरिकी सरकारच्या वैद्यकीय संशोधन यंत्रणेतली) संस्था १९७० च्या कायद्याने उभी राहिली. तो कायदा सेनेटर हॅरॉल्ड ह्यूज यांनी रेटला. स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडल्याचं ते उघडपणे सांगत, आणि त्या काळात हे सोपं नव्हतं.

एनआयएचची अनुदानं अक्षर-आकड्यांच्या नावांनी ओळखली जातात. टी३२ हे अनुदान विद्यापीठाला मिळतं आणि विद्यापीठ त्यातल्या जागा भरतं. ब्राउन, नॉर्थ कॅरोलायना (चॅपल हिल) आणि कॅलिफोर्नियातला अल्कोहोल रिसर्च ग्रुप इथले असे कार्यक्रम जुने आहेत. एफ३१ पीएचडीच्या विद्यार्थ्यासाठी, एफ३२ पोस्टडॉकसाठी; के०१, के०८, के२३ त्यापुढच्या टप्प्यासाठी. या सगळ्यांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. व्हिसावर असाल तर त्यांच्यामागे महिने घालवू नका. पीएचडीच्या काळात मार्गदर्शकाच्या संशोधन अनुदानातून पगार घेता येतो, त्याला ही अट नाही.

तुमच्यासाठी खुलं आहे ते के९९/आर००. पहिली एक-दोन वर्षं मार्गदर्शकाच्या हाताखाली के९९. मग सहायक प्राध्यापकाची नोकरी मिळाली की आर००, कमाल तीन वर्षं, वर्षाला २,४९,००० डॉलरपर्यंत, त्यात विद्यापीठाचा वरखर्चही धरलेला. दोन्ही टप्प्यांत ७५ टक्के वेळ संशोधनाला राखून ठेवावा लागतो.

लोक अडकतात ते वेळेच्या हिशेबात. अर्जाच्या वेळी पोस्टडॉकचा अनुभव चार वर्षांपेक्षा जास्त नको, आणि ही अट सुधारून पुन्हा दिलेल्या अर्जालाही लागू आहे. के९९ सारख्या ‘के’ अनुदानांच्या नव्या अर्जाच्या नेहमीच्या तारखा १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबर. फेब्रुवारीत दिलेल्या अर्जाचं परीक्षण जून-जुलैत होतं, परीक्षकांचे शेरे त्यानंतर हातात येतात, आणि सुधारित अर्ज साधारण १२ नोव्हेंबरला जातो. म्हणजे नऊ महिने गेले. पहिला अर्ज साडेतीन वर्षांनी दिलात तर सुधारायची संधीच उरत नाही, आणि पहिल्या फेरीत निभावतं थोड्यांचंच. त्यामुळे पहिला अर्ज पोस्टडॉकच्या तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला गेलाच पाहिजे; त्यासाठी प्राथमिक निष्कर्ष दुसऱ्या वर्षात हातात हवेत.

अर्ज लिहिताना सगळी ताकद प्रयोगांवर खर्च होते आणि प्रशिक्षणाचा भाग दोन परिच्छेदांत उरकला जातो. हे अनुदान माणूस घडवण्यासाठी आहे. उंदरांवर काम केलंय आणि आता मेंदूच्या एमआरआयकडे वळायचंय, तर ते कोणाकडून, कोणत्या अभ्यासक्रमातून, किती महिन्यांत शिकणार, हे नेमकं लिहा. संशोधनाच्या प्रश्नाला त्याच नव्या कौशल्याची गरज आहे, हेही दिसू द्या. आर०० मध्ये मार्गदर्शकापासून वेगळं काय करणार, ते मार्गदर्शकाच्या पत्रातही यायला हवं: कोणतं काम तुम्ही सोबत नेणार, हे त्यांनी स्पष्ट लिहावं.

दारू अभ्यासाच्या केंद्रस्थानी हवी. दहा घटकांपैकी एक म्हणून आली, तर अर्ज दुसऱ्या संस्थेकडे वळवला जाऊ शकतो. म्हणून उद्दिष्टांचं एक पान तयार झालं की एनआयएएएच्या प्रोग्रॅम ऑफिसरला (तुमच्या विषयाची अनुदानं पाहणाऱ्या अधिकाऱ्याला) ईमेल करा. हे त्यांचं कामच आहे, संकोच करू नका. प्रकल्पात क्लिनिकल ट्रायल (माणसांवरची चाचणी) धरली जाते की नाही, हेही तेव्हाच विचारून घ्या, कारण दोन्हींसाठी अर्ज मागवणाऱ्या जाहिराती वेगळ्या असतात आणि चुकीच्या जाहिरातीखाली दिलेला अर्ज परीक्षणाविना परत येतो. जाहिराती बदलतात, रद्दही होतात. चालू असलेलीच वाचा.

शिफारसपत्रं तीन ते पाच लागतात. ती अर्जासोबत जात नाहीत, देणारे स्वतः ईआरए कॉमन्स या एनआयएचच्या संकेतस्थळावर चढवतात, तेही अर्जाच्याच मुदतीत. सहा आठवडे आधी मागा आणि शेवटच्या आठवड्यात सगळी पोचली का ते तपासा.