किरकोळ दुरुस्तीची मजुरी

प्रतापनगरात भाड्याने दिलेल्या दोन घरांची देखभाल मी स्वतः पाहतो. नळाचा वायसर वीस-तीस रुपयांना मिळतो, म्हणून तो बदलणाऱ्या प्लंबरची पन्नास रुपयांत बोळवण करावी, हे मला पटत नाही. कारण त्याचे येणे-जाणे, हत्यारे आणि त्या वेळात हुकलेले दुसरे काम यांची किंमत वायसरहून कितीतरी अधिक असते. मी घरी येण्याचे २०० रुपये वेगळे धरतो, मजुरी आधीच ठरवतो आणि सामान स्वतः आणून देतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला असताना कूलरचा पंप बदलायला भर दुपारी येणाऱ्या कारागिराशी घासाघीस करणे तर मला अन्यायाचेच वाटते.

हा खर्च मुळात घरमालकाचा आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार घर सुस्थितीत ठेवण्यास तो बांधील असतो. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने दुर्लक्ष केल्यास भाडेकरूला दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशापर्यंतच. म्हणून माझ्या भाडेकरूंना मी मजुरीचीही पावती जपून ठेवायला सांगतो.