आठची यष्टी गेली तेव्हा आण्णा बोलत होते

गेल्या वर्षी द्राक्षाच्या ऑक्टोबर छाटणीत आमच्या आण्णांना लकवा मारला. आमच्या तासगाव भागात याला 'अंगावरनं वारं गेलं' म्हणतात. यंदाची छाटणी तोंडावर आलीय, आणि त्या सकाळी माझ्यामुळं एक तास हकनाक गेला होता. म्हणून हे लिहितोय.

मजुरांची टोळी छाटत होती, मागनं काडीला डोळे फुटायच्या औषधाची पेस्ट लावणं चालू होतं. आण्णांच्या हातातनं कात्री पडली. उचलली, परत पडली. मग ते वेलाच्या बुडाशीच बसले. पेस्टचा वास डोक्यात गेला असंल, असं सगळ्यांना वाटलं. कुणीतरी लिंबू-सरबत आणलं.

माझी बायको आशा सेविका आहे. ती घरातनं पळत आली आणि म्हणाली, "आण्णा, दात दाखवा बघू." तोंडाची उजवी बाजू हललीच नाही. दोन्ही हात पुढं करायला लावले, तर उजवा आपोआप खाली आला. तुमचं नाव सांगा म्हटलं, तर नुसता घोगरा आवाज. तिनं सरबताचा पेला बाजूला सारला. लकव्यात गिळणं बिघडतं, घोट श्वासनलिकेत जाऊ शकतो. "108 ला फोन लावा, आणि थेट सांगली," एवढंच ती म्हणाली.

मी ऐकलं नाही. जवळचं बरं म्हणून गाडीत घालून तासगावातल्या एका लहान दवाखान्यात नेलं. तिथं सीटी स्कॅन नव्हता. बीपी बघितलं, सलाईन लावलं, 'थोडं थांबून बघू' म्हणाले. नऊला पोचलो होतो, निघालो तेव्हा दहा वाजले होते. कवलापूर ओलांडताना आण्णांचा थंडगार हात माझ्या हातात होता आणि बायको पुढच्या सीटवरनं सांगलीच्या हॉस्पिटलला फोनवर विचारत होती : सीटी आत्ता चालू आहे का, मेंदूचे डॉक्टर आहेत का, रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता का? तिन्हीला 'हो' आलं.

दारात पोचल्यावर डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "शेवटचं धड कधी बघितलं?" कात्री पडली ती वेळ मला नक्की सांगता येईना. मी टोळीतल्या एकाला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, आठची यष्टी नुकतीच गेली हुती. तवा आण्णांनी मला चुना मागितला, चांगलं बोलत हुते." डॉक्टरांनी कागदावर आठ लिहिलं. सगळे उपचार त्या आकड्यावर ठरले. हे इंजेक्शन सहसा लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि तेही सीटीत रक्तस्राव नाही असं दिसल्यावरच. बहुतेक लकवे मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून होतात, काही रक्तवाहिनी फुटून. बाहेरनं दोन्ही सारखेच दिसतात. फुटलेली असेल तर हेच इंजेक्शन जीव घेऊ शकतं. म्हणून सीटी नसलेल्या ठिकाणी घालवलेला वेळ वायाच, आणि मनानं ॲस्पिरिनची, म्हणजे रक्त पातळ करायची, गोळीही द्यायची नाही. उपचार नसेल तर मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा अंदाज आहे. माझ्या त्या एका तासाचा हिशोब मी अजून पुरा केलेला नाही.

अकरा वीसला इंजेक्शन गेलं.

त्या हॉस्पिटलला एनएबीएचचं, म्हणजे हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचं, मानांकन होतं. तोवर ती पाटी मला शोभेची वाटायची. आत राहिल्यावर कळलं. आल्याची, सीटीची, इंजेक्शनची, प्रत्येक वेळ कागदावर होती. तोंडानं काही द्यायच्या आधी सिस्टरनं चमचाभर पाण्यानं गिळणं तपासलं. हे असं चाललंय का, ते बाहेरनं माणसं येऊन तपासतात, आणि प्रमाणपत्राला मुदत असते. तरी नुसत्या पाटीवर जाऊ नका, मानांकन असलेल्या प्रत्येक ठिकाणी लकव्याचा उपचार मिळतोच असं नाही. ते तीन प्रश्न विचाराच.

एक गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. त्याच्या आठ दिवस आधी चहा पिताना आण्णांच्या ओठाच्या कडेनं चहा गळला होता, जीभ जड झाली होती. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं आणि आम्ही सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले, तो इशारा होता, त्याच दिवशी यायला पाहिजे होतं. बीपीच्या गोळ्या आण्णांनी दिवाळीनंतर बघू म्हणून बंद केल्या होत्या, तंबाखू तर चालूच होती.

आता आण्णा चालतात. बोलताना मधेच शब्द अडतो, तेव्हा आम्ही थांबतो, पुरवत नाही. उजव्या हाताचे व्यायाम रोज सकाळी बायको करून घेते.

मोटारीच्या खोलीच्या दारावर मी रंगानं 108 लिहिलंय, खाली त्या हॉस्पिटलचा नंबर, आणि त्याखाली एक ओळ : 'वेळ बघून ठेवा.' परवा टोळी आली, तेव्हा मुकादमानं ते वाचून आपल्या सगळ्या माणसांना दारापुढं उभं केलं आणि एकेकाला नंबर मोबाईलमध्ये घालायला लावले.