मोठे बाबा नागपुरात कसे रमले?

आमचे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, वायुसेनेत मालवाहू विमानं चालवायचे. विंग कमांडर होऊन निवृत्त झाले. ते गेल्यापासून जो भेटायला येतो तो हेच विचारतो, की जोरहाटपासून लेहपर्यंत फिरलेला माणूस नागपूरच्या उन्हात रमला कसा? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पहिलं कारण मोठी आई. तिचं माहेर नागपुरातल्या महाल भागात. नोकरीभर बदल्यांची ट्रंका बांधून ती वैतागली होती. घर तिने ठरवलं, यांनी सही केली.

दुसरं कारण खुद्द नागपूरच. 1949 साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, यायची, आपसात टपालाच्या थैल्या बदलायची आणि आल्या वाटेने परत जायची. शाळकरी वयात मोठ्या बाबांना त्या आवाजाने जाग यायची आणि कुठलं विमान आधी आलं यावर भावांच्या पैजा लागायच्या. विमानाचं वेड तिथलंच. त्यामुळे निवृत्तीनंतर कुठे जायचं हा प्रश्न लोकांना पडला, त्यांना नाही.

आणि फिरण्याचं म्हणाल, तर आपला एक गैरसमज असतो. लेहला ते कितीदा उतरले असतील, पण तिथला बाजार पाहिला तो म्हातारपणी, आमच्यासोबत, टूरच्या बसमधून. कारण लेहला पहाटेच पोचायचं. साडेदहा हजार फुटांवर हवा आधीच विरळ. ऊन चढलं की आणखी विरळ होते, दुपारी वारा सुटतो, मग तिथून विमान उचलणं जड जातं. म्हणून इंजिनं चालू ठेवूनच माल उतरवायचा आणि निघायचं. बाजार कधी बघणार?

युद्धाबद्दल विचारलं तर ते एका वाक्यात आटपायचे. कणकेबद्दल मात्र तासभर बोलत! ईशान्येत जिथे रस्ता नाही अशा चौक्यांवर पोती वरून टाकायची. त्यातली सगळीच पॅराशूटने नाही. धान्याचं पोतं दुसऱ्या मोठ्या, ढिल्या पोत्यात घालायचं, म्हणजे आदळून आतलं फाटलं तरी बाहेरचं धरून ठेवतं. अरुंद दरीत शिरायचं, खालची खूण दिसली की घंटी द्यायची, मागचे जवान पोती ढकलणार, आणि समोरचा डोंगर यायच्या आत वळायचं. हे सांगताना ते दिवाणावरची उशी काठापर्यंत सरकवत न्यायचे आणि ‘आता!’ म्हणून खाली ढकलायचे. मोठी आई ओरडायची.

पॅकेट विमानावर त्यांचा भारी जीव. अमेरिकन बनावटीचं, दोन शेपट्यांचं. डोंगरातल्या कामासाठी त्याच्या पाठीवर जास्तीचं जेट इंजिन बसवलेलं. 1962 साली स्क्वॉड्रन लीडर राजे यांनी असंच एक पॅकेट लडाखमधल्या दौलत बेग ओल्डीला, सोळा हजार फुटांच्या वर, उतरवलं होतं. ते नाव मोठे बाबा घरच्या माणसासारखं घ्यायचे. पुढे 1984 पासून एएन-32 हे मालवाहू विमान आलं. त्याची तारीफ करायचे, पण हातचं राखून.

माल भरायची सवय शेवटपर्यंत गेली नाही. विमानात वजन पुढेमागे झालं की तोल जातो, हे अंगात भिनलेलं. माझ्या बहिणीच्या लग्नानंतर सगळे रामटेकला निघालो, तर सुमोत कोणी कुठे बसायचं हे यांनी ठरवलं. प्रत्येकाला वजन विचारलं, बायकांनासुद्धा. नव्या जावयांना मागून उठवून पुढे बसवलं, पातेली मध्ये घेतली, आणि म्हणाले, ‘हं, आता उडेल.’ भाऊजी आजही विचारतात, ‘माझंच वजन काऊन मोजलं जी?’ सगळ्यांचंच मोजलं होतं, पण ते ऐकून घेत नाहीत.